मोडलेल्या बाजारपेठेचा हिशेब

दिल्लीतील सरोजिनी नगर आज प्रसिद्ध आहे ते तेथील कपड्यांच्या बाजारामुळे. शनिवार-रविवारी तेथे पाय ठेवायला जागा नसते. परदेशी दुकानांसाठी शिवलेले आणि काही ना काही कारणाने मागे राहिलेले कपडे ढिगांनी मांडलेले असतात. पुष्कळ कपड्यांवरचे लेबल अर्धे कापलेले असते, आणि त्या कापलेल्या लेबलावरूनच गिऱ्हाईक मालाची जात ओळखते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मात्र या परिसराची ओळख वेगळी होती. त्याचे नाव विनय नगर होते, आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली ती वसाहत होती. पुढे तिच्या निरनिराळ्या भागांना आणि शेजारच्या वसाहतींना राष्ट्रीय चळवळीतील व्यक्तींची नावे मिळाली. एक सरोजिनी नगर झाले, दुसरे नौरोजी नगर, तिसरे नेताजी नगर, चौथे लक्ष्मीबाई नगर. जुन्या वस्तीची एक खूण बाजाराच्या एका भागाच्या नावात टिकून राहिली. तो भाग अजूनही बाबू मार्केट म्हणून ओळखला जातो.

या वसाहतीत आरंभापासून दोन प्रकारची माणसे समोरासमोर वावरत आली. एक, सकाळी सायकलवरून सचिवालयाकडे जाणारा कारकून. आयात-निर्यातीचे परवाने, जकातीच्या अधिसूचना आणि विनिमयाचे नियम त्याच्या टेबलावरून जात. दुसरा, संध्याकाळी त्याच कारकुनाला कापड किंवा किराणा विकणारा दुकानदार. वसाहतीच्या बाजारात पुनर्वसनाच्या योजनेतून गाळे मिळालेले निर्वासित होते. एकाचे काम नव्या सरहद्दीचा हिशेब ठेवण्याचे होते, तर दुसरा त्या सरहद्दीनेच उखडला गेलेला होता. १९४७ साली जमिनीबरोबर एक सामायिक बाजारपेठही फाटली. त्या फाटण्याचे परिणाम कोणाच्या वहीत जमा झाले आणि कोणाच्या वहीत नावे पडले, हे पाहायचे तर या दोघांना एकत्रच पाहावे लागते.

फाळणीचा इतिहास बहुधा रक्तपाताचा आणि स्थलांतराचा म्हणून लिहिला गेला, आणि ते योग्यच आहे. लाखो माणसांचे जीवित जेथे पणाला लागले तेथे ताग आणि कापूस यांची चर्चा गौण वाटावी हे स्वाभाविक आहे. तथापि अखंड भारत ही राजकीय सत्ता असण्याबरोबरच जगातील एक फार मोठी मुक्त व्यापाराची पेठ होती, ही गोष्ट विसरली जाते. पेशावरपासून चितगावपर्यंत एक नाणे चालत होते. समुद्रावरची जकात एक होती, मध्यवर्ती बँक एक होती, आणि रेल्वेचे जाळे एकमेकांत गुंतलेले होते. अशा व्यवस्थेला आज ‘व्यापारी गट’ म्हणतात. त्या काळी तिला कोणी वेगळे नाव दिले नव्हते, कारण घराच्या भिंतीला जसे कोणी नाव देत नाही तशीच ती गृहीत धरलेली होती.

या पेठेतील श्रमविभागणी पाहिली म्हणजे तिचे तुटणे किती खोल जाणार होते ते ध्यानात येते. अखंड भारतातील सुमारे तीन चतुर्थांश ताग पूर्व बंगालात पिकत असे, परंतु तागाच्या जवळजवळ साऱ्या गिरण्या हुगळीच्या काठी कलकत्त्याच्या आसपास होत्या. पूर्व बंगालच्या वाट्याला एकही गिरणी आली नाही. कापसाचेही तसेच. सुमारे चारशे कापडगिरण्यांपैकी पाकिस्तानात गेलेल्या गिरण्या पंधरासुद्धा भरत नव्हत्या, पण लांब आणि मध्यम धाग्याचा चांगला कापूस पश्चिम पंजाबच्या कालव्यांवर आणि सिंधमध्ये पिकत होता. मुंबईच्या गिरणगावाला त्या कापसाची गरज होती, कारण वऱ्हाड-खानदेशचा त्या काळचा कापूस मुख्यतः आखूड धाग्याचा होता.

मुंबई आणि सिंध यांचे नाते तर केवळ गिऱ्हाइकीचे नव्हते. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. सक्करचे धरण मुंबई सरकारने बांधले. १९३२ साली ते सुरू झाले, आणि मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला दिले होते. सिंधमधील शिक्षणखात्याच्या उभारणीत ज्यांचा वाटा होता त्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा कराचीत आजही उभी आहे. मुंबईच्या पैशाने वळवलेल्या सिंधूच्या पाण्यावर कापूस पिकावा, तो आगबोटीने मुंबईस यावा, परळ-लालबागेत त्याचे सूत व्हावे आणि कापड होऊन ते पुन्हा कराचीच्या बाजारात जावे, असे ते चक्र होते.

हे चक्र तुटले तर काय होईल याचा विचार कोणी केलाच नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात दोन्ही बाजूंच्या प्रांतांच्या महसुलाचे आकडे मांडून साधनसामग्रीची तुलना केली होती. भावनेच्या प्रश्नाला त्यांनी जमाखर्चाच्या पानावर आणले होते. १९४५ साली सर होमी मोदी आणि डॉ. जॉन मथाई यांनी पाकिस्तानच्या आर्थिक बाजूवर एक टिपण तयार केले. दैनंदिन कारभारापुरते नवे राज्य आपल्या पायावर उभे राहू शकेल, पण संरक्षणाचा भार पेलायचा तर दोन्ही राज्यांत सहकार्य असावे लागेल, असा त्याचा रोख होता. परंतु राजकीय वाटाघाटींत अशा टिपणांना स्थान नव्हते. १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत, म्हणजे देश एक ठेवण्याच्या शेवटच्या मोठ्या प्रयत्नातसुद्धा, केंद्राकडे परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण एवढेच विषय होते. व्यापार आणि जकात त्या यादीत नव्हती. जे सर्वांत अधिक एकजीव झालेले होते त्याविषयीच सर्वांत कमी बोलले गेले.

३ जून १९४७ रोजी फाळणीची योजना जाहीर झाली आणि १५ ऑगस्टला ती अमलात आली. मध्ये ७३ दिवस होते. येथे एक तुलना करण्याजोगी आहे. ज्या ब्रिटनने ही मुदत घालून दिली त्याच ब्रिटनने २३ जून २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. संघातून तो देश प्रत्यक्ष बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० रोजी, आणि सामायिक बाजारपेठेतून त्या वर्षाच्या अखेरीस. एका सामायिक पेठेतून स्वतःला सोडवून घेण्यास त्यांना साडेचार वर्षे लागली, आणि तीही अपुरी वाटली. मत्स्यव्यवसाय, उत्तर आयर्लंडची सीमा, औषधांचे परवाने अशा एकेका प्रश्नावर सरकारे डळमळली. भारतात चाळीस कोटी लोकांची पेठ अडीच महिन्यांत विभागली गेली, आणि सीमारेषा कोठून जाते हे तर लोकांना स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, १७ ऑगस्टला समजले.

विभागणीचे काम करणारे अधिकारी कुशल होते. भारताच्या बाजूने एच. एम. पटेल आणि पाकिस्तानच्या बाजूने चौधरी मोहम्मद अली यांनी कर्ज, शिलकी मालमत्ता, रेल्वेचे डबे, टंकलेखन यंत्रे यांच्या याद्या केल्या. देणी-घेणी साडेब्याऐंशी आणि साडेसतरा टक्के या प्रमाणात वाटायची असे ठरले. संक्रमणकाळासाठी ‘जैसे थे’ करार झाला. २९ फेब्रुवारी १९४८ पर्यंत दोन्ही देशांमध्ये जकातीची भिंत उभी राहू नये, माल पूर्वीसारखाच जावा-यावा, अशी त्यात तरतूद होती. चलन काही काळ एकच राहावे आणि रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर १९४८ अखेरपर्यंत दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहावे असेही ठरले.

या बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. १९४३ पासून ते या पदावर होते, आणि त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. एका बँकेने दोन सरकारांची सेवा करावी, आणि ती दोन सरकारे काश्मीरमध्ये एकमेकांशी लढत असावीत, असा विलक्षण प्रसंग त्यांच्यावर आला. पाकिस्तानसाठीच्या नोटासुद्धा भारतातच, नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या. नेहमीच्याच भारतीय नोटेवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ ही इंग्रजी अक्षरे आणि ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ ही उर्दू अक्षरे उमटवलेली होती. एप्रिल १९४८ पासून त्या चलनात आल्या. एकाच कागदावर दोन राज्ये, असे त्या नोटेचे रूप होते. मोडत चाललेल्या आर्थिक एकतेचे इतके बोलके चित्र दुसरे मिळणे कठीण.

परंतु कागदावरचे करार राजकारणाच्या पहिल्याच झळीने करपू लागले. अखंड भारताच्या रोख शिलकीतील पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी रुपये ठरला होता. त्यांपैकी २० कोटी आधीच दिलेले होते. उरलेले ५५ कोटी काश्मीरचा प्रश्न सुटेपर्यंत रोखून धरावे असा भारत सरकारचा निर्णय झाला. रिझर्व्ह बँक भारत सरकारच्या दबावाखाली वागते, असा आरोप पाकिस्तानातून झाला. १३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी उपोषण सुरू केले. त्याचा मुख्य हेतू दिल्लीतील जातीय शांतता हा होता. १५ जानेवारीला सरकारने रक्कम देण्याचे जाहीर केले, आणि ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. महाराष्ट्रात ‘पंचावन्न कोटी’ हे शब्द तेव्हापासून आजवर वादाचे निशाण झालेले आहेत. त्या वादाच्या धुरळ्यात एक साधी गोष्ट हरवते. ती रक्कम कर्ज नव्हती आणि दानही नव्हते. मोडलेल्या एका सामायिक संसारातील तो मान्य झालेला हिस्सा होता. हिशेबाची बाब राजकारणाची झाली म्हणजे ती कोणत्या टोकाला जाते, याचे हे सर्वांत भयंकर उदाहरण होय.

त्यानंतरचे वर्ष एकेक धागा तुटण्याचे होते. पाकिस्तानने कच्च्या तागावर निर्यात-जकात बसवली. १ मार्च १९४८ पासून जकातीच्या दृष्टीने दोन्ही देश एकमेकांना परके झाले. १ एप्रिलला पूर्व पंजाबातून पश्चिमेकडे जाणाऱ्या काही कालव्यांचे पाणी थांबले, कारण पाण्याविषयीच्या तात्पुरत्या कराराची मुदत आदल्या दिवशी संपली होती. सामायिक बँकेची व्यवस्था ठरल्यापेक्षा तीन महिने आधी, ३० जूनला संपली आणि दुसऱ्या दिवशी कराचीत जिनांच्या हस्ते स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे उद्घाटन झाले. तरीही व्यापार पूर्ण थांबला नव्हता. १९४८-४९ साली पाकिस्तानच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के माल भारतात येत होता, आणि त्याच्या आयातीपैकी जवळजवळ एक तृतीयांश भारतातून होत होती. सरहद्द आखली गेली तरी बैलगाडीला आणि होडीला जुनी वाट पाठ होती.

घाव बसला तो सप्टेंबर १९४९ मध्ये. ब्रिटनने पौंडाचे साडेतीस टक्के अवमूल्यन केले. त्यामागोमाग भारताने रुपयाचे मूल्य तितकेच उतरवले. पाकिस्तानने मात्र आपल्या रुपयाचे मूल्य कायम ठेवले. ताग आणि कापूस यांना जगात मागणी आहे, तेव्हा ते स्वस्त का विकावे, हा त्यामागचा विचार आर्थिकदृष्ट्या अगदीच चुकीचा नव्हता. त्यात नव्या राष्ट्राचा अभिमानही होता. परिणाम असा झाला की काल जो रुपया एक होता तो आज शंभराला एकशे चव्वेचाळीस झाला. भारताने हा दर मानण्याचे नाकारले. पूर्व बंगालचा ताग शेतकऱ्यांच्या घरात पडून राहिला, आणि हुगळीकाठच्या गिरण्यांना काम कमी करावे लागले. डिसेंबरमध्ये भारताकडून पाकिस्तानला जाणारा कोळसा बंद झाला. योगायोग असा की त्या वेळी भारताचे अर्थमंत्री होते डॉ. जॉन मथाई. ज्यांनी चार वर्षांपूर्वी दोन्ही राज्यांच्या सहकार्याची गरज टिपणात लिहून ठेवली होती, त्यांच्याच कारकिर्दीत ते सहकार्य संपुष्टात आले.

या व्यापारबंदीचे राजकीय परिणाम आर्थिक परिणामांइतकेच दूरगामी ठरले. १९५० च्या प्रारंभी पूर्व बंगालात दंगली उसळल्या आणि पश्चिम बंगालातही त्यांचे पडसाद उमटले. त्याची कारणे अनेक होती, आणि साऱ्यांचे खापर तागाच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. परंतु पीक विकले न जाणे, रोजगार बुडणे आणि प्रत्येक तुटीचा दोष पलीकडच्या माणसाला देणे या गोष्टींनी वातावरण अधिक ज्वालाग्राही केले यात शंका नाही. ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू-लियाकत करार झाला. त्याचा निषेध म्हणून श्यामाप्रसाद मुखर्जी आणि व्यापारमंत्री क्षितीशचंद्र नियोगी यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुखर्जींनी जनसंघाची स्थापना केली. भारतीय राजकारणातील एका मोठ्या प्रवाहाचा उगम त्या काळाच्या खळबळीत आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये कोरियात युद्ध सुरू झाले. ताग आणि कापूस यांचे जागतिक भाव चढले, पाकिस्तानला दूरची गिऱ्हाइके मिळाली, आणि न नमण्याचा त्याचा निर्णय शहाणपणाचा ठरल्यासारखे दिसू लागले. शेवटी फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर मान्य केला आणि व्यापाराचा करार झाला. अर्थखाते आता चिंतामणराव देशमुखांकडे होते. ज्यांच्या हातून एका बँकेच्या दोन बँका झाल्या त्यांच्याच कारकिर्दीत एका रुपयाचे दोन रुपये झाल्याचे भारताने अधिकृतपणे स्वीकारले. पुढे १९५५ साली पाकिस्ताननेही आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले आणि दर पुन्हा सारखे झाले. परंतु तोवर दर सारखे होऊन काही साधणार नव्हते.

ते का साधणार नव्हते, हाच या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. व्यापार तुटला म्हणजे तोटा होतो, आणि तोटा डोळ्यांपुढे असेल तर मागे फिरण्याची इच्छा होते, असे तर्काने वाटते. प्रत्यक्षात तोटा फार काळ तोट्याच्या रूपात राहत नाही. माणसे त्यावर उपाय शोधतात, आणि उपायांचे हितसंबंध तयार होतात. पूर्व बंगालचा ताग मिळेना म्हणून भारताने पश्चिम बंगाल, आसाम, बिहार आणि ओरिसा येथे तागाची लागवड वाढवली. तीन-चार वर्षांत उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले. अन्नाचा तुटवडा असलेल्या त्या दिवसांत भाताची काही जमीन तागाखाली गेली. पूर्व पाकिस्तानने कलकत्त्याला ताग विकण्याऐवजी स्वतःच्या गिरण्या काढल्या. नारायणगंजची आदमजी गिरणी १९५१ साली सुरू झाली. कराची गेली म्हणून भारताने कच्छच्या आखातात कांडला बंदर बांधले. १९५२ च्या जानेवारीत त्याची कोनशिला बसवली गेली. आसामकडे जाणारी जुनी रेल्वे परक्या मुलखातून जाऊ लागली म्हणून दोन वर्षांत डोंगर-नद्यांतून नवा लोहमार्ग टाकला गेला आणि जानेवारी १९५० मध्ये तो खुला झाला. पाकिस्तानात १९५२ साली सुई येथे नैसर्गिक वायू सापडला, आणि भारतीय कोळशाची आठवण पुसट होत गेली.

यांतील प्रत्येक गोष्ट कर्तृत्वाची होती, आणि प्रत्येकीचा अभिमान त्या त्या देशाने बाळगला. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर ती प्रत्येक गोष्ट सरहद्दीच्या भिंतीतील एकेक वीट होती. बंगालच्या नव्या ताग-शेतकऱ्याला आता पूर्वेकडचा ताग यायला नको होता. कराचीच्या नव्या गिरणीमालकाला मुंबईचे कापड नको होते. सरहद्द आखली सरकारांनी, ती टिकवून धरली ती तिच्यामुळे पोट भरू लागलेल्यांनी. म्हणून सामायिक पेठ मोडायला जे महिने लागतात त्यांच्या कित्येक पट वर्षे घालूनही ती पुन्हा जुळत नाही.

विनय नगर हीसुद्धा या अर्थाने त्याच पर्यायी व्यवस्थेची एक वीट होती. फाळणीनंतर सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत आले. १९४१ साली सव्वानऊ लाखांच्या आत असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ साली साडेसतरा लाखांच्या जवळ पोचली. त्याच वेळी नव्या राज्ययंत्रणेला नवी खाती हवी होती, खात्यांना माणसे हवी होती आणि माणसांना घरे. सरकारी बांधकामांचे खाते १९४७ ते १९५२ या काळात पुण्याचे काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. खाण आणि वीज हे विषयही त्यांच्याचकडे. दिल्लीच्या दक्षिणेकडील माळरानावर वसाहती उभ्या राहू लागल्या त्या या निकडीतून. परवाना-पद्धती ही पुढे भारतीय अर्थव्यवस्थेची खूण ठरली. युद्धकाळात जन्मलेली ही पद्धती फाळणीनंतरच्या टंचाईने आणखी घट्ट केली, आणि तिचा गाडा ओढणारे हात अशाच वसाहतींत राहत होते. मुंबई-पुण्याकडून बदलीने आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती.

निर्वासित दुकानदाराची कथा वरवर पाहता यशाची आहे. हाताला लागेल तो धंदा करून, दुकानामागेच राहून, मुलांना फळीवर बसवून त्याने संसार पुन्हा उभा केला. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण उल्हासनगरचे आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांना ठेवले गेले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले, आणि पुढे तेथील कारखानदारीची इतकी ख्याती झाली की ‘यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ अशी थट्टा मुंबईत रूढ झाली. उल्हासनगर काय, सरोजिनी नगर काय, दोन्ही ठिकाणी ज्यांची मूळ पेठ हरवली त्यांनी परक्या पेठांच्या खुणा उचलून नवा बाजार मांडला. पण या यशाची किंमत कोणत्याच खात्यात नोंदलेली नाही. लाहोर-मुलतानात मागे राहिलेली गिऱ्हाइकी, शब्दावर चालणारी उधारी, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आडत्या, यांची भरपाई पुनर्वसन खाते देऊ शकत नव्हते. घराचा दावा दाखल करता येई. पतीचा, म्हणजे बाजारातील विश्वासाचा, दावा कोठे दाखल करणार?

सरोजिनी नगरचा कपडाही या तुटलेल्या इतिहासाशी दुरून बांधलेला आहे. शेजाऱ्याशी व्यापार उरला नाही तेव्हा भारत, पाकिस्तान आणि पुढे बांगलादेश या तिघांनीही आपले कापड दूर पश्चिमेकडे नेले. १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत बहुतंतू करारान्वये श्रीमंत देशांनी प्रत्येक देशाला कोटा ठरवून दिला होता. ओखला, नोएडा, गुडगाव येथील कारखान्यांत शिवलेला माल कोट्यापलीकडे गेला, उशीर झाला किंवा एखादी शिवण वाकडी निघाली, की तो परत फिरे आणि दिल्लीच्या बाजारात येई. कोटे गेले, पण मागे राहिलेल्या मालाची वाट तीच राहिली. जे तीन प्रदेश एके काळी एकाच कापडाचे धागे होते ते आता तिसऱ्याच्या दारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. २०१४ पासून युरोपीय संघाने पाकिस्तानी कपड्याला जकातमाफी दिली, तेव्हा तो भारतीय निर्यातदारांच्या चिंतेचा विषय झाला. एका पेठेतून बाहेर पडलेले दुसऱ्या पेठेच्या दाराशी रांगेत उभे राहतात, आणि रांग लावण्याच्या अटी दाराआडचा ठरवतो.

पुन्हा जवळ येण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९६५ च्या युद्धाने थांबलेला व्यापार सत्तरच्या दशकात हळूहळू सुरू झाला. १९९६ साली भारताने पाकिस्तानला सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचा दर्जा दिला. २००४ साली इस्लामाबादेत दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या झाल्या. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, दिल्लीत बाँबस्फोट झाले. सरोजिनी नगरचा गजबजलेला बाजार हे त्यांतील सर्वांत मोठ्या प्राणहानीचे ठिकाण होते. शहरात साठांहून अधिक माणसे गेली. त्याच वेळी इस्लामाबादेत काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठी नियंत्रण रेषा पाच ठिकाणी खुली करण्याची बोलणी चालू होती, आणि ३० ऑक्टोबरला तो करार जाहीर झाला. त्या चोवीस तासांत दोन्ही शक्यता शेजारी-शेजारी उभ्या होत्या. त्यांपैकी दुसरी फार काळ टिकली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारताने अनुकूल राष्ट्राचा दर्जा काढून घेतला आणि पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसवली. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार थांबवला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचे नाके बंद झाले आणि मे महिन्यात पाकिस्तानी मालाच्या आयातीवर संपूर्ण बंदी आली.

या घडामोडी किती आतपर्यंत पोचतात हे स्वयंपाकघरात कळते. उपवासाच्या फराळाला लागणारे शेंदेलोण म्हणजे सैंधव, सिंधूकाठचे मीठ. त्याची मोठी खाण पाकिस्तानी पंजाबात खेवडा येथे आहे. मिठाच्या नावात जो देश आहे तेथून ते मीठ येऊ शकत नाही. सुकी खारीकही त्याच वाटेने येत असे. पूर्वेकडे तर इतिहासाने स्वतःलाच वळसा घातला. जून २०२५ मध्ये भारताने बांगलादेशातील काही ताग-उत्पादनांची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात बंद केली आणि ती केवळ न्हावा शेवा बंदरातूनच यावीत असे ठरवले. जो ताग १९४७ पूर्वी होडीने नदी ओलांडून हुगळीकाठी जाई त्याला आता संपूर्ण द्वीपकल्पाला प्रदक्षिणा घालून रायगड जिल्ह्यात उतरावे लागते. दरम्यान नारायणगंजची ती अवाढव्य आदमजी गिरणी २००२ सालीच बंद झाली. ज्या विटांनी भिंत बांधली होती त्यांतील काही ढासळल्या. भिंत मात्र उभीच आहे.

सामायिक पेठ सोडण्याचा हक्क राष्ट्रांना नाही असा याचा अर्थ होत नाही. स्वातंत्र्य, सुरक्षितता, स्वतःच्या कारभारावरील स्वतःची सत्ता यांचे मोल जमाखर्चात मांडता येत नाही, आणि १९४७ साली कोणाही पक्षाने तसा हिशेब मांडून निर्णय घेतला असता अशी कल्पना करणेही व्यर्थ आहे. ब्रिटनमध्येही सार्वमताच्या वेळी आकड्यांपेक्षा सत्तेचा प्रश्नच वरचढ ठरला. तेथील अर्थसंकल्पीय अंदाज करणाऱ्या स्वतंत्र संस्थेने दीर्घकाळात उत्पादकता सुमारे चार टक्क्यांनी कमी राहील असा अंदाज केला आहे. तेथे निदान हा हिशेब दरवर्षी मांडला जातो आणि लोकांपुढे ठेवला जातो. भारतीय उपखंडात तो कधी मांडलाच गेला नाही. जे गेले त्याची बेरीज न झाल्यामुळे ते गेले हेच विस्मरणात गेले. आज या प्रदेशातील तरुणांना शेजाऱ्याशी व्यापार नसणे ही निसर्गाचीच व्यवस्था वाटते.

आता सरोजिनी नगरचे जुने रूप वेगाने नाहीसे होत आहे. २०१६ साली मंजूर झालेल्या पुनर्विकासाच्या योजनेत जुन्या दुमजली घरांच्या जागी उंच इमारती आल्या. झाडे तोडण्याचा प्रश्न २०१८ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेजारच्या नौरोजी नगरात ‘वर्ल्ड ट्रेड सेंटर’ या नावाचे व्यापारी संकुल उभे राहिले. भारताची संपत्ती व्यापाराच्या वाटेने बाहेर कशी वाहून जाते याचा हिशेब आयुष्यभर करणाऱ्या दादाभाईंचे नाव त्या वसाहतीला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेट्रोची गुलाबी मार्गिका येथवर आली. सरोजिनी नगरच्या स्थानकापासून तीन स्थानके मागे दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे स्थानक लागते. दुर्गाबाई या चिंतामणरावांच्या सहधर्मचारिणी. एका बँकेच्या दोन बँका ज्यांनी होऊ दिल्या, कारण त्याखेरीज दुसरा मार्ग उरला नव्हता, त्यांच्या घरातील हे नाव दररोज हजारो प्रवासी वाचून पुढे जातात आणि बाजाराच्या गर्दीत उतरतात. तेथे ढिगातून एखादा सदरा उचलून, त्याचे कापलेले लेबल बोटांनी चाचपून, तो कोठे जायचा होता आणि कोठे पोचला याचा क्षणभर अंदाज करतात, आणि मग भाव विचारतात.